धुऱ्याचा दगड

मुडदा बसो त्या वकिलाचा! आज एकादस हाये, तोंडातून वाईट काढू नये म्हनतात. तरी मी काढते.

माहा नारायण नागपूरले वकिली शिकला. आमच्या रोहिणखेडात तवा दुसरं कोनी तेवढं शिकलं नव्हतं. पन नुसतं पास होऊन भागत नसे. मोठ्या वकिलाच्या हाताखाली वर्षभर उमेदवारी करा लागे, तवा सनद भेटे. मलकापुरात एक नावाजलेले वकील होते. त्यायनं निरोप धाडला, "अर्ज करा. अर्जात एखादा खरा दावा मांडा, त्याची कच्ची बाजू दाखवा. तुमचं डोकं कसं चालतं ते पाहू."

आता खरा दावा पोराले कोनता माहीत? घरचाच. बाजूच्या वावरवाल्या वामनरावानं आमच्यावर दावा लावला होता. म्हने, यायनं दोन वावराच्या मधला धुरा सरकवला अन् माही पट्टी दाबली. त्या पट्टीत आमची विहीर. विहीर गेली तर वावर काय चाटाचं?

पोरानं इंग्रजीत अर्ज लिहिला. मी पाट्यावर ठेचा वाटून राह्यली होती, तवा मले मराठीत सांगतला. 'मोठ्या पुरात धुऱ्याचा दगड वाहून गेला. माझ्या वडिलांनी तो जागच्या जागी परत रोवला, पण साक्षीला कोणी नव्हतं. समोरच्यानं एवढंच विचारलं तर आमची बाजू पडते.'

"काऊन लिहितं बे हे?" मी म्हनलं. "घरातली गोष्ट हाये. आपल्या तिघाइबगर कोनाले ठावं नाई."

तो हासला. "माय, वकिलाले सांगतलेलं वकिलाच्या पोटात राहते. धर्मच हाये त्यायचा. अन् वामनरावाचा वकील दुसरा हाये."

मले काय समजे? म्या म्हनलं, शिकलेल्याइचा धर्म असन बाप्पा. अर्ज गेला. जबाब काही आला नाई.

मंग तारीख आली. पट्टेवाल्यानं यायच्या, नारायणाच्या बापाच्या, नावाचा पुकारा केला. हे पिंजऱ्यात उभे राह्यले, देवाची शपथ घेतली. अन् वामनरावाच्या बाजूनं कोन उठलं? तेच! मलकापूरवाले! वामनरावानं पयला वकील सोडून त्यायले धरलं होतं. नारायणानं माहा हात धरला.

"पुरात तुमच्या धुऱ्याचा दगड वाहून गेला होता ना?" वकिलानं विचारलं. "परत रोवला, तेव्हा साक्षीला कोण होतं?"

यायनं वकिलाकडं पायलंच नाई. नारायणाकडं पायलं. लय वेळ पायलं. उभ्या जन्मात खोटी शपथ घेतली नाई मानसानं, तवा कशी घेतीन?

"कोनी नव्हतं," म्हनले. "म्या एकट्यानं रोवला."

पट्टी गेली. विहीर गेली. निकालाच्या दिवशी कचेरीच्या वट्ट्यावर आमी उभे होतो, तं तो केसानं गळा कापणारा हासत आला अन् यायच्या देखत पोराच्या पाठीवर थाप मारली.

"नारायणराव, अर्ज उत्तम होता तुमचा. सोमवारपासून या कामाला."

नारायण म्हनला, "तुमच्या हाताखाली? त्यापरीस मी जन्मभर नांगर धरीन."

तो कामाले गेला नाई. वकिलीचं नावच टाकलं त्यानं. पन यायच्या कानात थापच बसली, पुढचं काही शिरलं नाई. मी हात जोडले, "अहो, पोरानं इस्वासानं लिहिलं. त्याचाही गळा कापला." हे म्हनले, "नोकरी भेटली ना त्याले? मंग झालं."

आता दोघंही एकाच वावरात राबतात. काल मी भाकर घेऊन गेली, तं नारायण नांगर हाकून राह्यला होता, हे त्याच्या बाजूनंच चालत होते, हात लांबवला तं लागन इतके जवळ. मले पायलं अन् म्हनले, "त्याले सांग, नांगराचं तास वाकडं चाललं."

मी सांगतलं.