एका तोंडाची वस्ती

बिरजूला दगड नव्हता, आणि सुकरीच्या जिवाला घोर होता तो एवढाच.

माणूस गेला की त्याला मातीत ठेवायचं आणि त्याच्या नावानं दगड उभा करायचा, ही तिच्या गोंडांची रीत. दगड म्हणजे मेलेल्याचं घर. सणासुदीला तिथं मोहाच्या दारूचे दोन थेंब सांडायचे, घरातल्या बऱ्यावाईट गोष्टी सांगायच्या. घरच नसलं तर माणूस भटकत राहतो. रानात जागेला तोटा नव्हता. पण सुकरी आणि तिचा नवरा बिरजू ऐन तरुणपणी रान सोडून चांद्याला आले होते, लाकडाच्या टालावर, म्हणजे वखारीत, हमालीला. मागाहून आणखी घरं आली आणि झरपट नदीच्या अंगाला त्यांची एक वस्तीच झाली. चांद्याचा परकोट बांधला गोंड राजांनी, आणि गोंडांनी राहायचं परकोटाबाहेर! पण तक्रार कोणाकडे करणार? ते राजेही केव्हाच मातीत गेले.

वस्तीतलं कोणी मेलं की बंडी जुंपून त्याला गावाकडच्या रानात न्यायचे. बिरजू गेला तो भर श्रावणात. नद्यांना पूर, वाटा बंद. शहराच्या घाटावर सांगितलं, इथं जाळतात, पुरत नाहीत. शेवटी झरपटीच्या काठच्या वाळूत त्याला ठेवलं, आणि पुढच्या पुरात नदी त्याला घेऊन गेली. सुकरी काठावर उभी राहून गढूळ पाण्याला शिव्या देत होती. दुसरं काय करणार बिचारी!

गावाहून तिचा भाऊ वारलू आला. म्हणाला, "बाई, गावातच दगड लावू. आपली जागा हाये तिथी."

"तिथी त्याले कोण वळखते आता?" सुकरी म्हणाली. "जन्म इथी काढला त्यानं. इथलीच लाकडं वाह्यली. दगड इथीच लागन."

पण इथं म्हणजे कुठं? जमीन नगरपालिकेची. वस्तीची बैठक बसली. म्हातारा लालसू वस्तीचा पाटील. त्यानं विडी पेटवली आणि सगळे बोलू लागले. त्यांच्यात बैठकीची एक गंमत असते. हात वर करणं नाही, मोजणं नाही. सगळ्यांचं एक होईपर्यंत कोणी उठायचं नाही. एखादा अडून बसला तर त्याची समजूत निघेपर्यंत बाकीच्यांनीही बसायचं, मग घरी भात करपला तरी चालेल. एकदा ठरलं की पाटील ते गावाला सांगतो. सगळ्या वस्तीचं तोंड ते एकच.

ठरलं असं की नगरपालिकेत आपलाच माणूस पाहिजे. निवडणूक तोंडावर होती. टालावरचा मुकादम इसरू चार बुकं शिकलेला, त्याला उभं करायचं. त्याला शिडीचं चित्र मिळालं; तेव्हा प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असायची आणि तिच्यावर त्याचं चित्र. त्याच्यासमोर होता गुणवंतराव, टालाचा मालक, पोटानं आणि आवाजानं सारखाच मोठा. इसरू मालकासमोर उभा राहतो म्हटल्यावर शहरात हसू झालं. पण मोजणाऱ्यांनी मोजून पाहिलं तेव्हा हसू ओसरलं. वॉर्डात वस्तीची मतं काही थोडीथोडकी नव्हती. सुकरीनं तर दगडसुद्धा हेरून ठेवला.

मतदानाच्या दिवशी सुकरी टालावर साली गोळा करत होती. दुपारी इसरू धापा टाकत आला.

"बाई, तुम्ही इथी काऊन? मत देलं का?"

"देलं ना. लालसूभाऊ सकाळीच जाऊन आला."

"लालसूभाऊचं झालं. तुमचं?"

"आमचं म्हंजे?" सुकरीला कळेना. "ठरलं होतं ना सगळ्यायचं. भाऊ सांगून आला. एका गोष्टीसाठी सगळ्यायनं कायले खाडा करायचा?"

इसरू मटकन ओंडक्यावर बसला. त्यानं शिडी समजावली होती, पेटी समजावली होती, पडदा समजावला होता. फक्त प्रत्येकानं जायचं असतं एवढंच सांगायचं राहिलं होतं. ते कोणाला सांगावं लागेल असं त्याच्या चार बुकांत नव्हतं. लालसू बिचारा नवं धोतर नेसून गेला होता, पडद्याआड शिडीच्या पेटीत कागद टाकून आला होता, आणि सारी वस्ती निर्धास्त कामाला लागली होती.

मग जी पळापळ झाली तिला तोड नाही. पण अर्धे लोक बल्लारशाच्या बाजूला लाकडं भरायला गेलेले, काही रानात. बायांना गोळा करून सुकरी पोचली तेव्हा तिचं आणि दहाबारा जणींचं मत पडलं, आणि दार बंद झालं. इसरू हरला. फार नाही, थोडक्यात हरला, आणि थोडक्यात हरण्याचं दुःख जास्त असतं.

त्या संध्याकाळी सुकरी जेवली नाही. दगड हेरला होता तिथं जाऊन बसली आणि ढसाढसा रडली. नवऱ्याचं घर आपल्या अडाणीपणापायी गेलं, असं तिला वाटत होतं.

लालसू तिला शोधत आला. "रडते काऊन? बैठक उठली, एवढंच झालं. शहराचं एक झालं, गुणवंतभाऊ ठरला. म्हंजे आता आपलं तोंड तोच."

"त्याले तं आपण मत नाई देलं."

"बैठकीत तू अडून बसली आन् शेवटी दुसऱ्याचं ठरलं, तं तो तुया पाटील नसते का?"

सुकरीनं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती गुणवंतरावाच्या अंगणात जाऊन बसली. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. नुसती बसली, जशी बैठकीत बसते. गुलालानं माखलेला गुणवंतराव बाहेर आला आणि एवढी माणसं पाहून बिचकला. टाल बंद पाडायला आले की काय!

"काय पाहिजे?"

लालसूनं सांगितलं. मेलेल्यांसाठी जागा. जाळायची नाही, पुरायची. दगड उभे राहतील एवढी.

"पाहू," गुणवंतराव म्हणाला.

कोणी उठलं नाही. 'पाहू' म्हणजे एक झालं नव्हतं.

"अरे, म्हटलं ना पाहू!"

तरी कोणी उठेना. गुणवंतरावानं टोपी काढून डोकं खाजवलं. मग सुकरीकडे पाहून विचारलं, "बाई, तुमी मत कोणाले देलं?"

अंगणात चुळबुळ झाली. इसरूनं मान खाली घातली. एक शब्द गोड बोललं तर बिरजूला घर मिळत होतं. पण खोटं बोलून मागितलेल्या घरात तो आला असता का?

"इसरूले," ती म्हणाली.

"आन् बाकीच्यायनं?"

"ज्यायनं देलं त्यायनं इसरूलेच. तुमाले एकानंही नाई."

"मंग माह्याकडं काऊन आले?"

"आता तुमीच हाव ना. दुसऱ्या कोणाकडं जावाचं?"

गुणवंतराव टकमक पाहत राहिला आणि मग पोट हलेपर्यंत हसला. "सकाळपासून अख्खा चांदा येऊन सांगून राह्यला का भाऊ, मत तुमालेच देलं. तेवढी मतं खरंच पडली असती तं पेटी फुटली असती! खरं बोलणारे तुमीच पह्यले." हसता हसता तो थांबला. सुकरी हसत नव्हती. "कोण गेलं तुमचं, बाई?"

तिनं सांगितलं. श्रावण, वाळू, पूर, सगळं. बिरजू याच माणसाच्या टालावर राबला होता. गुणवंतरावाला त्याचा चेहरा आठवेना आणि त्याची त्याला लाज वाटली.

"देतो," तो म्हणाला. "जागा मिळवून देतो. हा शब्द."

तेव्हा कुठं वस्ती उठली.

जागा मिळाली ती वीटभट्ट्यांच्या पलीकडची, बाभळीनं भरलेली. गुणवंतराव सभेत त्यासाठी भांडला म्हणे. भांडायला त्याला आवडतही होतं. मार्गशीर्षात बिरजूचा दगड उभा राहिला, त्या माळावरचा पहिला. ढोल वाजला. गुणवंतराव आला होता. चपला काढून मागं, इसरूच्या शेजारी उभा राहिला.

सुकरीनं दगडाला हळद लावली, मोहाचे थेंब सांडले. पण मनातली भीती जाईना. पुरात वाहून गेलेला माणूस, त्याला हे घर सापडणार कसं? चांद्यात नवा होता तेव्हा तो बाजारातूनही वाट चुकायचा. ती दगडाला टेकून बसली आणि मोठ्यानं सांगू लागली, "वर्धेच्या पाण्यातून उलटा ये, इरईत शीर. मंग झरपट लागन. महाकालीचं देऊळ दिसलं का थांब. तिथून वर चढ. टालावर जाऊ नको, तिथी आता तुयं काम नाई. टालाच्या मागून..." ती अडखळली. टालाच्या मागं हल्लीच नवी भिंत झाली होती. वाट कशी सांगावी?

ढोल थांबला होता. मागून गुणवंतरावाचा खरखरीत आवाज आला, या वेळी अगदी हळू.

"भिंतीले फाटक हाये, बाई. उघडं ठेवाले लावतो मी. त्याले म्हणा, टालातूनच ये."