प्लॉटात मेंढरं

दिवाळी सरली की जत तालुक्यातून मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, हा साळूबाईच्या घरचा शिरस्ता. तिथला पहिला मुक्काम इस्लामपूरच्या बाहेर, नानासोंच्या रानात. रात्रभर मेंढरं तिथं बसायची, लेंड्यांनी रानाला खत मिळायचं आणि नानासो त्याबद्दल धान्य द्यायचे. यंदाही ती कळपाच्या पुढं हौसेनं चालत आली आणि जागीच थबकली. रानच नव्हतं! डांबरी रस्ते, विजेचे खांब, पोपटी-गुलाबी बंगले आणि मधेमधे मुरूम टाकलेले मोकळे प्लॉट.

"नानासोनी समदं इकलं जणू," नवरा जोतिबा म्हणाला आणि मटकन खाली बसला. गावं वाढत्यात, रानं संपत्यात, इकून टाकू मेंढरं, हे त्याचं पालुपद गेल्या वर्षापासून चालू होतं. आता आयतं निमित्त मिळालं. त्यानं तिथूनच व्यापाऱ्याला फोन लावला, "दिवस मावळायच्या आत टेंपो घिऊन या."

साळूबाई वळून कळपाकडं बघू लागली. लग्नात माहेरहून आणलेल्या दोन मेंढ्यांचा हा सगळा गोतावळा. तो गेला तर हातात राहणार काय, नुसती काठी?

ती नवऱ्याशी भांडायला तोंड उघडणार, तोच मेंढरं एका बंगल्याच्या कुंपणाला भिडली आणि आतून गाऊनवर ओढणी घेतलेली बाई धावत आली. आता शिव्या बसणार म्हणून साळूबाईनं पदर खोचला.

"मावशी, मेंढरं बसवता का हो अजून?" बाईला दम लागला होता. तिचं नाव स्वप्नाली. "मुरमात गुलाब लावलेत, एक जगेल तर शपथ! माझ्या माहेरी दरवर्षी बसवायचे. आमच्या परसात बसवा ना!"

"आधी आमच्या प्लॉटात!" शेजारच्या गच्चीवरून निवृत्त सुभेदार धैर्यशील गरजले. "आंबे लावायचेत मला!"

साळूबाईला हसू आवरेना. "आमच्यात रीत हाय," ती म्हणाली. "ज्याचा नारळ पयला पदरात पडंल, त्याच्या रानात मेंढरं पयली."

मग काय विचारता! अख्खी कॉलनी पळत सुटली. स्वप्नालीनं देव्हाऱ्यातला नारळ उचलला; देवानं तेवढं सांभाळून घ्यावं. कोपऱ्यावरच्या दुकानातले नारळ संपले, तेव्हा एकीनं चक्क शहाळं आणलं. साळूबाईनं तेही घेतलं. पदर पेलवेना झाला. एका नानासोंच्या जागी इथं दारोदार यजमान उभे होते! आनंदानं तिला काय करू नि काय नको असं झालं.

तेवढ्यात टेंपो आला. व्यापारी उतरून मेंढरांच्या पाठी चाचपू लागला. जोतिबा बायकोच्या पदराकडं बघतच राहिला. पदरात घेतलेला नारळ म्हणजे दिलेला शब्द. तो त्याच्या घराण्यात कुणी मोडला नव्हता. आणि खरं सांगायचं तर एवढी माणसं आपल्या मेंढरांसाठी भांडताना बघून गडी मनातून पार खुलला होता.

"बोला पावणं, काय भावानं देताय?" व्यापाऱ्यानं विचारलं.

जोतिबा उठला. बिऱ्हाड लादलेल्या घोड्याच्या पाठीवरून त्यानं वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, खाली ओढली.

"टेंपो मागं घ्या," तो म्हणाला. "हितं वाघर लावायचीय."