उडून न जाणारा पिंगळा

मी एक जुना पिंगळा आहे, म्हणजे छोटे घुबड. लाकडाचा. माझ्यापासून डॉक्टरांना काय मिळणार होते, तेवढे आधी सांगून टाकतो. म्हणजे पुढे भावनेच्या भरात कोणी हिशेब चुकवायला नको.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. सुटीच्या दिवशी ते लहान पक्ष्यांचे फोटो काढत. मित्रांनो, हे काम दाढ काढण्याहून अवघड आहे. दाढ निदान जागेवर बसून असते. शिंपी, नाचण, वटवट्या ही मंडळी अंगठ्याएवढी, आणि एका फांदीवर दोन श्वास टिकली तर नशीब. त्यात डॉक्टरांची लेन्स मांडीएवढी जाड आणि हातभर लांब. तिच्यातून लांबचे जवळ दिसते हे खरे, पण दिसते किती? बशीएवढे. पक्षी त्या बशीबाहेर उडाला, की डॉक्टर हरवलेली किल्ली शोधावी तसे आभाळ धुंडाळत बसत. सकाळभर चिखलात पालथे पडून हाती काय लागे? एखादी शेपटी. कधी पक्षी नुकताच उडून गेलेली नुसती फांदी. त्यांची बायको फोटो निरखून म्हणे, "फांदी मात्र सुरेख आलीय हो."

माझ्यामुळे पक्षी आपण होऊन त्या बशीत येणार होता. तोही पिसे फुलवून, चोच वासून. कारण लहान पक्ष्यांचे आणि पिंगळ्याचे हाडवैर. अंधारात पिंगळा त्यांना खातो, म्हणून उजेडात तो एकटा सापडला की सगळी आळी गोळा होते आणि त्याला झोडपते. रागावलेला पक्षी पळत नाही. डॉक्टरांना हवा होता तो हाच जागेवर थांबणारा राग.

खुर्च्यांचे पाय घडवणाऱ्या एका सुताराने उरलेल्या जाड पायातून मला कोरले. जरा इकडचे तिकडे झाले असते, तर मी जन्मभर कोणाच्या तरी वजनाखाली गप्प उभा राहिलो असतो. डोळे एका मोडक्या बाहुलीचे. रंग डॉक्टरांच्या बायकोने दिला. बाई शाळेत चित्रकला शिकवत. माझ्या अंगावरचा एकेक पांढरा ठिपका त्यांनी बारीक कुंचल्याने काढला, लांब जाऊन पाहिले आणि माझे तोंड भिंतीकडे फिरवले. "असा टक लावून बसला, तर घास उतरायचा नाही कोणाच्या घशाखाली."

पहिल्या दिवशी मला बंद पडलेल्या पंपघराच्या आवारात नेले. भिंतीला भेगा, टाकीवर वेली, चहूकडे झुडपे. लोखंडी सळईवर मला बसवून डॉक्टर लपणात शिरले. लपण म्हणजे हिरव्या कापडाचा छोटासा तंबू. माणूस आत, लेन्सचे तोंड तेवढे भोकातून बाहेर.

मला आधी एका शिंप्याने पाहिले. एवढासा जीव, पण शेजारी चोर शिरल्यासारखा ओरडला. लगेच बुलबुल आले, वटवटे आले. सगळे मागून मारत. समोरून पिंगळ्याचे डोळे दिसतात, म्हणून मारायचे ते पाठीवर आणि टाळक्यात. माझ्या ढलप्या उडाल्या. एक बुलबुल एवढ्या जोरात आपटला, की खाली पडून चोच उघडी टाकून धापा टाकू लागला. चोचीच्या बुडाशी रक्त आले होते. तो उठला, डोके झटकले आणि पुन्हा माझ्यावरच आला. लपणातून कॅमेऱ्याची खडखड चालू होती आणि मधूनमधून आवाज येत होता, "शाब्बास! अजून एक! हाण त्याला!"

ते फोटो प्रदर्शनात लागले. लोक म्हणाले, "काय भाव पकडलाय! तुम्ही हे करता तरी कसं?"

डॉक्टर म्हणत, "संयम लागतो."

फोटोच्या कडेला माझे टक्कल आलेले असे. ते कापून टाकत.

पाच-सहा वर्षे मी अशी नोकरी केली. सुटी आली की मार खायचा, घरी आलो की खरडलेली जागा बाईंनी घासून पुन्हा रंगवायची. "एवढं काय करतात हो याला?" त्या विचारत. "खेळतात," डॉक्टर सांगत.

आता साडू. बाईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा चष्म्याचे दुकान चालवी आणि तोही पक्ष्यांचे फोटो काढी. दोघी बहिणींचे गूळपीठ; नवऱ्यांचे मात्र कोणाची लेन्स किती लांब, यावर डोळे. साडूची लेन्स वीतभर जास्त लांब होती आणि ती वीत डॉक्टरांना घशात अडकलेल्या काट्यासारखी टोचत होती. एका प्रदर्शनात साडू सगळ्या फोटोंवरून सावकाश फिरला आणि म्हणाला, "डॉक्टर, तुमचे सगळेच पक्षी एकाच कोपऱ्याकडे बघून शिव्या घालतायत. तिथे कोणाला बसवता? आपल्या सासूबाईंना?"

डॉक्टरांना मला दाखवावे लागले. तेव्हापासून एकाच्या जागी दोन लपणे लागू लागली.

मग शिक्र्याने आपला हिशेब मांडला. शिक्रा म्हणजे छोटा ससाणाच समजा, आणि त्याच्याइतका हिशेबी प्राणी मी पाहिला नाही. सगळे बुलबुल माझ्याकडे बघून ओरडत होते, म्हणजे सगळ्यांच्या पाठी आभाळाकडे होत्या. वरून राखी रंगाचे काहीतरी सुटले. माझ्या डोक्याच्या अगदी वर एक बुलबुल अर्ध्या शिवीत गप्प झाला. पिसे खाली यायला वेळ लागला. शिक्रा त्याआधीच गेला होता.

साडूचे बोट नेमके बटणावर होते. नखे, रक्त, वासलेली चोच, सगळे आले. त्या वर्षी पहिले बक्षीस त्याला मिळाले. डॉक्टरांना उत्तेजनार्थ. साडूच्या फोटोसमोर उभे राहून ते हसले, म्हणजे दात दाखवले.

पुढच्या वर्षी त्याच आवारात एका बुटक्या झाडाच्या बेचक्यात नाचणीच्या जोडप्याने घरटे बांधले. कोळ्याच्या जाळ्याने शिवलेली, चहाच्या कपाएवढी वाटी. आत तीन पिल्ले, अजून डोळेही न उघडलेली. अशा पिल्लांना सतत किडा लागतो. नर आला की मादी गेली, मादी आली की नर गेला. या येण्याजाण्यात खंड पडला नाही, तर पिल्ले जगतात. पडला, तर नाही.

डॉक्टरांनी ते पाहिले आणि हिशेब केला. दुसरीकडे पक्षी चार शिव्या देऊन जातो. घरट्यापाशी तो हटणार नाही. जितका वेळ ओरडेल, तितका शिक्रा येण्याचा संभव जास्त. त्यांनी मला घरट्यापासून दोन हातांवर रोवले.

लपणात शिरतात, तोच मागून साडू. "माझ्याशिवाय?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या बायकोनं माझ्या बायकोला, माझ्या बायकोनं मला. सरका."

उजेड पाठीशी ठेवणारी जागा एकच होती, म्हणून एकाच लपणात दोघे आणि एकाच भोकातून दोन लेन्स.

नाचणीचे जोडपे आले. मित्रांनो, नाचण हा पक्षी शेपटीचा पंखा करून नाचतो आणि बघणाऱ्याला वाटते, किती हौशी आहे! त्या दिवशी तो पंखा तलवारीसारखा उघडत होता. नर माझ्या मानेवर आदळला, मादी डोळ्यावर. बाहुलीची काच तडकली. ते एकमेकांना जागा करून देत होते आणि आळीपाळीने मारत होते. घरट्यातून पिल्लांची चिरचिर चालू होती.

लपणातही तेच चालू होते.

"कोपर काढा तुमचं."

"तुम्ही पोट आत घ्या आधी."

"पिंगळा माझा आहे!"

"आणि शिक्र्याची कल्पना कोणाची? माझ्या फोटोवरून चोरलीत!"

"अहो, तो फोटो तुम्ही काढला नाही, तुमच्याकडून निघाला!"

तेवढ्यात शिक्रा सुटला. दोघांनी एकदम लेन्स फिरवल्या, नळीवर नळी आदळली. शिक्र्याने नराला माझ्या खांद्यावरून उचलले. दोघांनीही बटण दाबले होते. एकाच्या फोटोत गवत आले आणि दुसऱ्याच्या फोटोत पहिल्याचा कान.

मग हिरव्या कापडात जे झाले, ते मी नीट पाहू शकलो नाही. कापड तेवढे पोत्यात दोन बोके कोंडल्यासारखे उसळत होते. तंबू कोसळला. साडू ट्रायपॉड उगारून बाहेर आला आणि तो ट्रायपॉड डॉक्टरांच्या तोंडावर बसला. डॉक्टरांनी आपले पुढचे दोन दात हातात घेऊन पाहिले, पण ज्या कौतुकाने ते इतरांचे पाहत त्या कौतुकाने नव्हे. मग त्यांनी साडूचे डोके धरून टाकीच्या कठड्यावर आपटले. चष्मा फुटला, भुवई फाटली. वीतभर जास्त लांब असलेली ती लेन्स दगडावर पडली आणि आतली काच चुरमुऱ्यासारखी वाजली. दोघे थांबले ते दम लागला म्हणून. रक्त पुसत त्यांनी कॅमेरे उचलले, कापड उचलले, दात उचलले, लेन्सची टोपणेसुद्धा शोधून काढली. आपापल्या गाडीत बसले आणि गेले.

मला काढायचे विसरले.

मित्रांनो, पिंगळ्याच्या आणि पक्ष्यांच्या भांडणाचा एक जुना नियम आहे. खरा पिंगळा मार खातो, वैतागतो आणि उडून जातो. तो गेला की पक्षीही आपापल्या कामाला लागतात. मी जाणार कसा? मी सळईवर ठोकलेला होतो.

मादी एकटी उरली. ती मला मारी. पिल्ले ओरडली की किडा आणायला वळे, मागे बघे, तर मी तिथेच. ती परत येई आणि मारी. तिच्या पंखांची टोके मोडली. कपाळाचे रक्त माझ्या तडकलेल्या डोळ्यावर लागले. ऊन सरकले. पिल्लांचा आवाज बारीक झाला. मग कावळा आला आणि घरट्याच्या काठावर बसला. तिची पाठ तिकडे होती. ती लाकडाला मारत होती. कावळ्याने एक पिल्लू नेले, परत आला, दुसरे नेले, परत आला. शेवटचे नेताना त्याने माझ्याकडे एकदा पाहिले. त्याला मी लाकडाचा आहे हे कळले असावे.

मादी त्यानंतरही मारत राहिली. मग माझ्या पायाशी पडली ती उठली नाही.

दिवस कलताना बाई स्कूटरवरून आल्या. नवरा तोंड फोडून घेऊन घरी आला होता, पण रंगवायला पिंगळा आला नव्हता. त्यांनी आधी मला उपटले, मग घरट्यात बोट घालून पाहिले, मग खाली पाहिले. मादीचा पंखा उघडाच राहिला होता. बाईंनी तो हलकेच मिटवला.

घरी डॉक्टर तोंडात कापसाचा बोळा धरून बसले होते. "पिंगळा मिळाला का गं?"

"मिळाला," बाई म्हणाल्या. "बाकी कोणी मिळालं नाही."

त्यांनी माझे डोळे उपसून काढले, पॉलिश कागद घेतला आणि सगळे ठिपके, चोच घासून टाकली. आता मी त्यांच्या चित्रकलेच्या वर्गात कागद उडू नयेत म्हणून वजन म्हणून बसतो. मुलांना मी लाकडाचा गोळा वाटतो. ही बढतीच म्हणायची.

मित्रांनो, पुढे कधी चोच वासलेला, पिसे फुलवलेला एवढासा पक्षी भिंतीवर टांगलेला दिसला, तर "वा" म्हणण्याआधी एवढे विचारा, की तो कोणावर रागावला होता आणि त्याला तिथे कोणी आणून बसवले होते. पक्षी पाहायचाच असेल तर तो देईल तेवढा पाहा. शेपटी दिली तर शेपटी. आणि घरट्याच्या वाटेत काहीही ठेवले असेल, तर उठताना आधी ते काढा; टोपणे मग शोधा.

राहिला हिशेब. डॉक्टरांचे दोन दात गेले, ते त्यांनी आपल्याच दवाखान्यात बसवून घेतले. साडूने आपल्याच दुकानातून नवा चष्मा लावला. दोघी बहिणींनी पुढच्या सुटीत दोघांना एका टेबलावर बसवले आणि दुसऱ्यांदा वाढण्याआधी ते नव्या लेन्सवर बोलू लागले. शिक्र्याला एक घास मिळाला, कावळ्याला तीन. फोटो कोणालाच मिळाला नाही. सगळ्याची किंमत मोजली ती नाचणीच्या जोडप्याने, आणि त्यात काहीही बाकी राहिले नाही.