मोबाइलवरचं आवतन

"पोरीचं लगन ठरवलं अन् आमाले मोबाइलवर पत्रिका?" कौसल्या कमरेवर हात ठेवून शेजारच्या चंदाबाईच्या दारात उभी होती. "घरी येऊन अक्षता द्याले तुह्या पायाले मेंदी लागली होती काय व?"

चंदाबाईचा भाकर थापता हात थांबला. "कोणाचं लगन?"

"शीलाचं! तुह्या नंबरावरून पत्रिका आली, मंग आनखी कोणाचं?"

शीला केस विंचरत होती. आपलं लग्न ठरल्याचं तिलाही आत्ताच कळत होतं. तिनं आईचा फोन घेतला. व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलेलं, नंबर दुसऱ्याच फोनवर सुरू.

"याडी, सकाळी काय उघडलं तू?" तिनं आईला विचारलं.

"तुह्या दिग्रसच्या मामाच्या नंबरावरून पत्रिका आलती. नाई उघडली त म्हनतील, चंदी लय मोठी झाली."

"थे पत्रिका नाई, चोराचं अ‍ॅप व्हय. त्यानं तुह्यावाला कोड वाचून नंबर तिकडं चालू केला. आता तुह्या नावानं तांडाभर तेच वाटून राह्यला."

चंदाबाईनं पीठभरले हात पदराला पुसले. तांड्यातल्या बायांची कापूस वेचणीची टोळी तिच्या शब्दावर चालायची, अन् तो शब्द रोज संध्याकाळी त्या फोनवरून जायचा. उद्या वामनरावाचं वावर. कापूस फुटून लोंबत होता, आभाळ भरून आलं होतं. बायांचेही फोन गेले तर उद्या कोण तिच्या मागं येणार?

"कौसल्ये, तू उघडली काय थे?"

"मी? घरी न येता देल्लेली पत्रिका मी उघडीन? हात बी नाई लावला. नंदाबाईनं नाई, संगीतानं नाई. समद्या रुसल्या तुह्यावर!"

आपल्यावर अख्खा तांडा रुसला याचा इतका आनंद चंदाबाईला जन्मात झाला नव्हता.

शीलानं नेट बंद करून ते अ‍ॅप काढून टाकलं. मग नेट सुरू करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नंबर पुन्हा टाकला. सहा आकडी कोड आला, तो भरला. चोर बाहेर, चंदाबाई आत.

"आता याले कुलूप लावू. तुह्या मनातले सहा आकडे टाक. कोणाले सांगाचे नाई. आलेला कोड बी नाई. बाबाले बी नाई."

बाजेवरून शीलाचा बाप सेवादास उठून बसला. "मी काय चोर हाय?"

"चोर नाई हो," चंदाबाई म्हणाली, "पण पारावर बसले का तुमच्या पोटात काई राह्यते काय?"

मग तिनं ग्रुपवर आवाज भरून पाठवला: शीलाचं लगन नाई, थे पत्रिका उघडू नका, उद्या वामनरावाच्या वावरात येजा. दिवस कलला, तरी कोणी ऐकलाच नाही. रुसलेल्या बाया तिचा कोणताच मेसेज उघडत नव्हत्या.

अखेर चंदाबाईनं डोक्यावर पदर घेतला अन् दारोदार निघाली. प्रत्येक ओट्यावर टेकली, चहाला नाही म्हणता आलं नाही, अन् पत्रिकेचं तेच रामायण सगळीकडं सांगितलं. रात्री पोट नुसतं डचमळत होतं.

सकाळी वामनरावाच्या बांधावर सगळी टोळी हजर होती. पावसाच्या आधी कापूस घरात पडायचा होता, हात भराभर चालले. कौसल्या मात्र आपल्या ओळीची पात सोडून चंदाबाईच्या पातीला सरकली.

"थे पत्रिका खोटी, मान्य. पण माह्या भावाचा पोरगा हाय केळापूरले. दोन एकर वलीत हाय, हिरीच्या पान्यावरचं. पोरगं निर्व्यसनी."

पलीकडून नंदाबाई ओरडली, "आमच्या जावेचा बी हाय मुकुटबनले!"

चंदाबाईनं आभाळाकडं पाहिलं. पहिला थेंब तिच्या नाकावर पडला.

"पोरं मंग दाखवजा," ती म्हणाली, "आधी कापूस वेचा."