दोन बोटांची वाढ

शेचाळीस वर्षांच्या शिवणकामात मास्तरांचे माप चुकले, असे म्हणण्याची संधी त्यांनी कोणालाही दिली नव्हती. दुकान बंद करून दोन वर्षे लोटली, तरी गळ्यातली टेप आणि कानावरची पेन्सिल ही आभूषणे त्यांनी उतरवली नव्हती. त्यांची मापवही तर घरात पोथीच्या मानाने ठेवली जाई.

म्हणूनच त्या संध्याकाळी सूनबाईंनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून विचारले, "बाबा, ठकीची उंची किती?" तेव्हा मास्तरांनी वही उघडण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

"एकशे बावीस. काळ्या दगडावरची रेघ समज."

घराण्यातला हा पहिलाच परदेशप्रवास, आणि त्यातला एक अख्खा दिवस तिथल्या विस्तीर्ण थीम पार्कसाठी राखून ठेवलेला. सूनबाई गेले तीन आठवडे त्या एका दिवसाचा आराखडा खोडून पुन्हा लिहीत होत्या: किती वाजता कुठे पोहोचायचे, बसायचे कधी, जेवायचे कधी. सात वर्षांच्या ठकीचे मागणे मात्र एकच होते, आकाशगाडी. रुळांवरून सुसाट जाणारी, मध्येच माणसांना उलटे टांगणारी. त्या गाडीच्या दारात एक खांब होता. त्यावरच्या एकशे वीस सेंटिमीटरच्या रेघेला डोके टेकले नाही, तर मूल कितीही रडो, परत पाठवत. आणि एकदा घेतलेली राखीव वेळ पुढे बदलता येत नव्हती.

"बाबांची टेप बोलली म्हणजे विषय संपला," मुलगा म्हणाला. "दुपारी चारची वेळ घे. जेवणही पचलेलं असेल."

"तुम्हाला काय, तुम्ही तर जत्रेतल्या पाळण्यात बसलात तरी डोळे पांढरे करता," सूनबाई हसल्या. त्यांचे बोट बटणाकडे वळले.

त्याच क्षणी मास्तरांची दृष्टी नातीवर गेली. शाळेच्या गणवेशातच ती उड्या मारत होती, आणि फ्रॉकचा घसरणारा खांदा दर उडीला वर ओढत होती. तो फ्रॉक मास्तरांनीच तीन महिन्यांपूर्वी शिवला होता. त्यांचा हात आपोआप गळ्यातल्या टेपकडे गेला.

लहान मुलाचे माप त्यांनी आयुष्यात कधी जसेच्या तसे लिहिले नव्हते. मूल वाढते, कापड वाढत नाही. म्हणून दोन बोटे जास्त धरायची, हा त्यांच्या गुरूने घालून दिलेला दंडक. हात इतका सरावला होता की वहीत शिरतानाच आकडा दोन बोटे मोठा होई. एकशे बावीस ही ठकीची उंची नव्हतीच. ती पुढच्या वर्षीची ठकी होती.

गप्प राहिले असते तर आज कोणाला कळले नसते. कळले असते ते त्या खांबापाशी, आणि ठकीलाच.

"थांब, सूनबाई. माप चुकलंय. माझं चुकलंय."

सूनबाईंनी बटणावरचे बोट मागे घेतले. मास्तरांनी ठकीला दाराच्या चौकटीशी उभे केले, डोक्यावर वही आडवी धरली.

"टाचा खाली. मान ताणू नकोस. श्वास सोड."

एकशे एकोणीस आणि अर्धा.

"अर्ध्यासाठी कोण अडवतंय!" मुलगा म्हणाला. "जाड तळव्याचे बूट घालू."

ठकीने आजोबांकडे पाहिले. "पण ते माप माझं नाही, बुटांचं. हो ना, आजोबा?"

मास्तरांचा ऊर भरून आला. शेचाळीस वर्षांत एवढे नेमके बोलणारे गिऱ्हाईक त्यांना भेटले नव्हते. त्यांनी खाली वाकून विचारले, "आज दिवसभर काय केलंस गं?"

"शाळा, दोरीवरच्या उड्या, मग पकडापकडी."

मास्तरांनी टेप पुन्हा गळ्यात टाकली. चेहऱ्यावरचे मळभ सरले होते. "सूनबाई, उद्या सकाळपर्यंत काही घेऊ नकोस. सकाळचं माणूस आणि संध्याकाळचं माणूस यांची मापं वेगळी असतात. दिवसभराच्या भाराने पाठीचा कणा दबतो. सकाळी माप दिलेल्या गिऱ्हाइकाची विजार संध्याकाळी टाचेखाली आलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे."

"काहीतरीच, बाबा!"

"बघशील."

सकाळी ठकी अंथरुणातून उठली ती थेट चौकटीशी येऊन उभी राहिली. वही, टेप, श्वास, सारे कालच्यासारखेच. टाचाही जमिनीलाच टेकलेल्या.

एकशे वीस, वर गव्हाच्या दाण्याएवढे.

"आणि निघायला अजून सहा आठवडे आहेत," मास्तर म्हणाले. "वाढ वहीत धरायची नाही, ती तिची ती वाढेल."

सूनबाईंनी आराखड्यावर उभी रेघ मारली. दुपारची आकाशगाडी सकाळी नऊला, दार उघडताच. हॉटेलातून टॅक्सीने जायचे, चालायचे नाही. तीन आठवड्यांचा आराखडा एका टेपने उलटा केला होता, आणि त्यांना त्याचे कौतुकच वाटत होते. "राखीव वेळ मिळाली हो! पण इथे लिहिलंय, लहान मुलाशेजारी एक मोठं माणूस बसायला हवं. मी खाली सामान धरणार. आणि यांचं तर..."

"माझे डोळे पांढरे होतात," मुलाने कबूल केले.

ठकीने आजोबांच्या गळ्यातली टेप ओढून घेतली आणि ती खुर्चीवर चढली. मास्तर चौकटीशी ताठ उभे राहिले, इतके ताठ की कानावरची पेन्सिल खाली पडली.

"टाचा खाली, मास्तर," ठकी दरडावून म्हणाली. "श्वास सोडा."