पहिला चमत्कार लग्नघरी

नात्यातल्या एका लग्नासाठी हॉलच्या स्वयंपाकघरात नणंद-भावजय बटाटे सोलत होत्या. भावजयीच्या स्वतःच्या लेकीचं लग्न मात्र जुळता जुळता दोनदा मोडलं होतं.

“प्रार्थना केलीस का?” नणंदेनं विचारलं.

“लोक आजारानं तळमळतायत, ताई. एवढ्याशा गोष्टीसाठी देवाला कुठे त्रास द्यायचा?”

“अगं, येशूचा पहिला चमत्कार लग्नातलाच ना! तिथे कोणी मरत नव्हतं, नुसता द्राक्षारस संपला होता. येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला, ते देवालाच जमतं. पण त्यानं यजमानाची लाज राखली आणि चांगल्या द्राक्षारसाचं कौतुक नवरदेवाला मिळू दिलं. आपला देव कसा आहे, ते मला तिथे कळलं.”

भावजयीनं सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि तिथेच लेकीचं नाव घेऊन डोळे मिटले. नणंदेनं तिच्या वाटणीचे बटाटे आपल्याकडे ओढले.