चौथ्यापर्यंत हात पोचत नाही

मी चार नंबरचा प्लग बोलतोय. एका जुन्या पेट्रोल पिकअपच्या इंजिनात नऊ वर्षं काढून नुकताच बाहेर पडलोय. ठिणगी पाडणं हे आमचं काम. आम्ही चौघं होतो, एकाच खोक्यातून आलेलो, आणि चौघांचं काम अगदी सारखं होतं. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे तुम्हाला माझा जळफळाट दिसेल, तेव्हा तो उगाच नव्हता हे लक्षात असू द्या.

आमचे मालक काचवाले. खिडक्यांची तावदानं आणि आरसे कापायचे, गाडीत उभे बांधायचे आणि घरोघर नेऊन बसवायचे, हा त्यांचा धंदा. गाडी त्यांनी जुनीच घेतली होती. घेतल्या घेतल्या इंजिन खाली उतरवून साफ करून घेतलं आणि तेव्हाच आम्हाला बसवलं. मिस्त्रीच्या हाताला आधी लागला तो एक नंबर झाला. मी खोक्याच्या तळाशी होतो, म्हणून चार. एवढ्यावर माझं नशीब ठरलं.

इंजिन परत जागेवर चढलं आणि मी अंधारात गेलो. एक नंबर अगदी पुढे, बॉनेट उघडलं की समोर. दोन आणि तीनही बरे होते. मी मात्र पार मागे, केबिनच्या पत्र्याला चिकटून. डोक्यावर एअर फिल्टरचा डबा आणि त्यावरून गेलेली एक जाड रबरी नळी. मिस्त्री मनाने चांगला होता, पण त्याचा पंजा भाकरीएवढा. तो माझ्यापर्यंत पोचतच नसे.

दर काही महिन्यांनी बॉनेट उघडायचं. मिस्त्री एक नंबरला बाहेर काढायचा, उजेडात धरायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, वर फुंकर मारायचा आणि मालकांना दाखवायचा. "बघा, रंग कसा विटकरी आलाय. इंजिन ठणठणीत आहे तुमचं."

मालक मान डोलवायचे. मग दोनची पाळी, मग तीनची. माझ्यापाशी आलं की मिस्त्री हात पुसायला घ्यायचा. "चौथा राहू दे. चालतोय ना? चालत्याला कशाला हात लावायचा?"

रंग माझाही विटकरी होता हो! पण बघणार कोण? एक नंबर घासूनपुसून परत यायचा तो असा तोऱ्यात, जणू गाडी तो एकटाच ओढतोय. माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू?

तीन वर्षांनी प्लग बदलायची वेळ आली. मालकांनी चार नव्यांचं खोकं आणलं. मिस्त्रीने तिघे बदलले आणि चौथा नवा प्लग मालकांच्या हातात ठेवला. "हा असू द्या गाडीत, अडीनडीला." मालकांनी तो डॅशबोर्डच्या खणात टाकला. आधी मला आनंद झाला. गेले एकदाचे मिरवणारे! पण लगेच कळलं की त्यांच्या जागी आलेले तर आणखी गोरेपान आहेत. पुढच्या तीन वर्षांनी पुन्हा तेच झालं. तिघे नवे आले, एक खणात गेला आणि मी होतो तिथेच राहिलो. जुन्यांचा हेवा करायचो, मग नव्यांचा करू लागलो, आणि पुढे पुढे त्या खणात नुसतं लोळत पडलेल्यांचाही. निदान त्यांना बसायला मऊ फडकं तरी होतं.

मधल्या काळात मालकांचं मनगट धरलं आणि धंदा त्यांच्या मुलीने हातात घेतला. ती याच गाडीवर गाडी चालवायला शिकलेली. चढावर गिअर बदलताना ती गाडीला "चल गं बाई" म्हणायची. मालक शेजारी बसून पत्ते सांगायचे.

आता माझी चूक सांगतो. माझं टोक झिजलं होतं, ठिणगी मंद झाली होती, हे खरं. तरी जीव लावला असता तर काम निभावलं असतं. पण माझ्या मनात आलं की एकदा चुकून बघू, म्हणजे तरी माझी आठवण होईल. आणि मी चढावर एक ठिणगी गाळली. मग आणखी एक. गाडीने आचका दिला.

बॉनेट उघडलं. मी अंधारात वाट बघत बसलो. मिस्त्री म्हणाला, "गाडी मिसिंग करतेय. प्लग खराब झाले असणार." आणि त्याने एक नंबर बदलला. दोनही बदलला आणि तीनही. नवा चौथा पुन्हा खणात. खोड्या मी केल्या आणि लाड त्यांचे झाले. त्या दिवशी मी जो पेटलो, तो नंतर धड कधी पेटलोच नाही.

पुढच्याच आठवड्यात मुलीने नाचाच्या वर्गासाठी भिंतभर आरसा नेला. चढावर मी सलग दोनदा गप्प बसलो. आचका बसला, आणि मागून तडकल्याचा आवाज आला. तिने गाडी कडेला घेतली, मागे जाऊन आरशाकडे बघितलं आणि परत येऊन बसली. मला वाटलं होतं, कुणी ओरडेल. कुणीच ओरडलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

घरी आल्यावर मालक म्हणाले, "विकून टाक ही. भंगारवाल्याला सांगतो मी. काचेचा धंदा अशा गाडीवर होत नाही."

"बाबा, एकदा मी बघते. नाही जमलं तर सोमवारी बोलवा त्याला."

तिने गाडीतली कागदपत्रं काढायला डॅशबोर्डचा खण उघडला. हाताला प्लग लागले. एक, दोन, तीन.

"बाबा, प्लग किती वेळा बदलले आपण?"

"तीनदा. दर वेळी चारचं खोकं आणलं मी."

"मग हे तीन कोरे इथे कसे?"

मालकांनी तिन्ही प्लग हातात घेऊन बघितले. मग हळूच म्हणाले, "मिस्त्री दर वेळी चौथा राहू दे म्हणायचा. म्हणजे तो अजून तोच आहे. इंजिन उतरवलं होतं तेव्हाचा."

रविवारी सकाळी गार इंजिनावर काम सुरू झालं. मालक स्टुलावर बसले. मुलीने फिल्टरचा डबा सोडवला, नळी बाजूला केली. नऊ वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. तिने भोवतालची माती फुंकून काढली, माझ्या मानेशी तेल सोडलं आणि अर्धा तास थांबली. मग पाना लावला.

मी घट्ट धरून बसलो. मनात म्हटलं, आता कळू दे. मी आत मोडलो, आटे खरवडून निघाले, तर इंजिन गेलं. सोमवारी भंगारवाला गाडी नेईल आणि तिच्याबरोबर ते तिघे गोरेपानही जातील. मी नाही, तर कुणीच नाही.

"बाबा, हलत नाही. मारू का जोर?"

"काच कापताना मारतेस का?"

ती थांबली. काचवाल्यांच्या हाताला काच तुटायच्या आधी कळतं. तिने पाना किंचित आवळला, किंचित सोडला, पुन्हा तेल घातलं. घामाने तिचा हात निसटत होता, तरी घाई नव्हती.

"किती चाललाय हो हा, बाबा. बाकीच्यांना तीनदा बदललं आणि हा बिचारा एकटाच."

"आपलंच चुकलं," मालक म्हणाले. "सांभाळून काढ त्याला."

त्याला. माझ्याबद्दल बोलत होते ती दोघं. नऊ वर्षं मी ज्यासाठी तडफडलो ते एवढंच होतं, आणि ते ऐकल्यावर मला कुणाचं वाईट करायचा जोरच उरला नाही. लोक म्हणतील तेलाने काम केलं. केलं असेल. पण मीही सोडलं.

मी बाहेर आलो. काळाकुट्ट, टोक झिजलेला. विटकरी रंग केव्हाच गेला होता. तिने मला तळहातावर घेऊन मालकांना दाखवलं आणि त्यांनी बराच वेळ बघितलं. मग खणातला एक नवा तिने आधी बोटांनीच अलगद फिरवत आत बसवला, शेवटी पाना लावला. किल्ली फिरवली. ठिणग्या पडू लागल्या, इंजिनाच्या ठरलेल्या क्रमाने: एक, तीन, चार, दोन. ओळीने, एकही न चुकता.

बॉनेट लावायच्या आधी तिने काचेवर खुणा करायचा खडू घेतला आणि आतल्या पत्र्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: चौथाही काढून बघणे.

आता मी त्यांच्या दुकानात मापांच्या चिठ्ठ्यांवर वजन म्हणून असतो. शेजारी एक काचेचा गोळा आहे, येणारं जाणारं त्यालाच उचलून बघतं. मी काही बोलत नाही.

रोज सकाळी मागे आरसे बांधून गाडी निघते. मी कान देऊन ऐकतो, चौथा कुठे चुकतोय का. अजून तरी चुकलेला नाही. तुमच्या घरात, कामावर कुणी असा मागे, हात पोचत नाही अशा जागी गुपचूप चालत असेल, तर तो चुकायच्या आधी त्याला एकदा उजेडात घ्या. त्या नव्या चौथ्याला घेणार आहेत. तसं लिहूनच ठेवलंय. त्याला कधी कुणाचा हेवा करावा लागणार नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त हेवा वाटतो.